शिवेपारची देवी

रोगाचे भय वाढले की परक्याविषयीचा द्वेष वाढतो, असा एक सिद्धान्त मानसशास्त्रात मांडला गेला आहे. शरीर जंतूंशी लढण्याआधीच मन अनोळखी माणसाला टाळू लागते, असे मार्क शालर प्रभृतींचे म्हणणे. जव्हार-मोखाड्याच्या मुलखाकडे पाहताना हा सिद्धान्त आम्हांस अपुरा वाटतो.

मुळात मराठीत हा रोग 'देवी' म्हणूनच येतो, आणि तोही आदरार्थी: 'देवी आल्या'. तिला मान द्यायचा, नैवेद्य दाखवायचा आणि शिवेपार पोचवायचे. पुढच्या गावाने काय करावे, हा त्या गावाचा प्रश्न!

डेव्हिड हार्डिमन यांनी 'द कमिंग ऑफ द देवी' (१९८७) या ग्रंथात अशाच एका विधीचा माग काढला आहे. पालघरच्या किनाऱ्यावरील मांगेला कोळ्यांत देवीच्या शमनासाठी जे सुरू झाले, ते गावोगाव सरकत डोंगरात चढले आणि १९२२ च्या अखेरीस सुरत जिल्ह्यात पोचले. किनारा आणि सह्याद्री यांमधला आदिवासी टापू तो हाच. वाटेत देवीची भाषा पालटली. रोग मागे पडला. अंगात येऊन ती सांगू लागली, दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज स्नान करा, पारशांशी संबंध ठेवू नका.

पारशीच का? मुंबई इलाख्याच्या १८७८ च्या आबकारी कायद्यानंतर घरची मोहाची दारू गुन्हा ठरली आणि ठेकेदाराचे दुकान उरले. त्या भागात ही दुकाने बहुतांशी पारशांची होती. उधारीपायी जमिनीही गेल्या. सबंध जमातीला एकाच मापाने मोजणे अन्यायाचेच. पण ज्याला बाहेरचा ठरवले तो अनोळखी मुळीच नव्हता. त्याच्या वहीत गावातल्या माणसांची नावे होती.

करोनाच्या टाळेबंदीत, १६ एप्रिल २०२० च्या रात्री, शेजारच्या डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे जमावाने दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांना ठार केले. भय साथीच्या दिवसांतले. अफवा मात्र चोरांची आणि मुले पळवणाऱ्यांची. रोगाचे नाव येथेही मागेच पडले. मारले गेलेले तिघे खरोखरच अनोळखी होते, म्हणून शालर यांचा सिद्धान्त येथे तरी लागू पडतो, असे कोणी म्हणेल. परंतु दोनच दिवस आधी त्याच परिसरात जमावाने ज्यांची गाडी अडवून हल्ला केला, ते त्या भागातील आदिवासींना मदत पोचवून परतणारे डॉक्टर होते.