नायोबियम : चिमूटभर धातूचे मोठे मोल

बाळापूर : बाळापूर तालुक्यातील पारस औष्णिक विद्युत केंद्रात प्रत्येकी २५० मेगावॉटचे दोन संच आहेत. अशा केंद्रांच्या बॉयलरमध्ये पाचशे अंश सेल्सिअसहून अधिक तापलेली वाफ प्रचंड दाबाने वाहते. ती पेलण्यासाठी आधुनिक बॉयलरांत ‘टी-९१’ आणि ‘पी-९१’ या प्रकारच्या पोलादी नळ्या वापरल्या जातात. या पोलादात ०.०६ ते ०.१० टक्के इतका अल्प नायोबियम धातू असतो. पण तेवढ्यानेच त्याला उष्णतेत टिकण्याचे बळ मिळते. भारताला मात्र हा धातू पूर्णतः आयात करावा लागतो.

शोध आणि नाव

इंग्रज रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स हॅचेट यांनी १८०१ मध्ये अमेरिकेतून आलेल्या खनिजाच्या नमुन्यात हे मूलद्रव्य शोधले व त्यास ‘कोलंबियम’ असे नाव दिले. त्याचे टँटॅलमशी इतके साम्य आहे की, दोन्ही एकच असल्याचा समज बराच काळ होता. जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिश रोझ यांनी १८४४ मध्ये तो दूर केला आणि ग्रीक पुराणातील टँटॅलसची कन्या नायोबी हिच्यावरून नवे नाव दिले. १९५० मध्ये त्यास आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. नायोबियमचा अणुक्रमांक ४१ असून तो सुमारे २४७७ अंश सेल्सिअसला वितळतो.

उपयोग

जगातील बहुतांश नायोबियम फेरोनायोबियमच्या रूपाने पोलादनिर्मितीत जातो. त्याचे सूक्ष्म कण पोलादातील स्फटिक वाढू देत नाहीत. त्यामुळे पोलाद अधिक मजबूत होते आणि मोटारी, पूल व वायुवाहिन्यांसाठी कमी जाडीचे पत्रे पुरतात.

एमआरआय यंत्रातील चुंबकाच्या तारा नायोबियम-टायटॅनियमच्या असतात. द्रवरूप हेलियममध्ये उणे २६९ अंशांपर्यंत थंड केल्यावर त्या अतिवाहक बनतात. तारापूर अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या संचातील दाबनलिका झिर्कोनियम आणि अडीच टक्के नायोबियमच्या मिश्रधातूच्या आहेत. ‘पीएसएलव्ही’ अग्निबाणाच्या चौथ्या टप्प्याच्या नोझलसाठीही नायोबियमचा मिश्रधातू वापरला गेला; त्यास पर्याय म्हणून ‘इस्रो’ने २०२४ मध्ये हलके कार्बन-कार्बन नोझल विकसित केले. ऑस्ट्रियाच्या टांकसाळीने २००३ पासून चांदी व नायोबियमची रंगीत संग्राह्य नाणी काढली आहेत.

स्रोत आणि किंमत

पायरोक्लोर व कोलंबाइट ही नायोबियमची प्रमुख खनिजे होत. जागतिक उत्पादनातील सुमारे ९० टक्के वाटा एकट्या ब्राझीलचा आहे. तेथील अराशा गावची खाण सर्वांत मोठी. कॅनडातील क्यूबेक प्रांताचा क्रमांक त्यानंतर लागतो. अलीकडच्या वर्षांत फेरोनायोबियमचा दर किलोला साधारण २० ते २५ डॉलर राहिला आहे. तांबे किंवा ॲल्युमिनियमप्रमाणे याचे व्यवहार धातू बाजारात होत नाहीत. खाणमालक आणि ग्राहक परस्पर करार करतात. पुरवठ्याचे हे महत्त्व ओळखून २०११ मध्ये जपान-कोरिया आणि चीन येथील दोन उद्योगसमूहांनी अराशाच्या खाणकंपनीत प्रत्येकी १५ टक्के भागभांडवल घेतले.

भारताची स्थिती

वऱ्हाडच्या काळ्या जमिनीखालील बेसॉल्ट खडकात नायोबियमचा उपयुक्त साठा नसतो. त्यासाठी कार्बोनेटाइट किंवा पेग्मटाइट हे खडक लागतात. दख्खनचा लाव्हा वाहिला, त्याच सुमारास, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, गुजरातमधील आंबा डोंगर येथे कार्बोनेटाइट तयार झाला. त्यात नायोबियम आढळतो. तमिळनाडूतील सेवत्तूर आणि मेघालयातील सुंग खोऱ्यातही पायरोक्लोर आहे.

अणुखनिजांच्या यादीत असल्यामुळे नायोबियमचे उत्खनन पूर्वी सरकारी संस्थांपुरते राखीव होते. २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून ते या यादीतून वगळण्यात आले आणि लिलावाचा मार्ग खुला झाला. त्याच वर्षी केंद्राने ३० अत्यावश्यक खनिजांत त्याचा समावेश केला व स्वामित्वधन ३ टक्के ठरविले. तथापि, लिलाव म्हणजे उत्पादन नव्हे. साठ्यांचे सखोल अन्वेषण आणि खनिजातून धातू वेगळा करण्याचे कारखाने उभे राहीपर्यंत देशाच्या पोलाद उद्योगाची ही गरज परदेशी खाणींवरच अवलंबून राहणार आहे.