दोन गोलार्ध आणि एक पाटी

दिल्लीच्या कॅनॉट प्लेसपासून इंडिया गेटच्या दिशेने जाणारा कर्झन रस्ता स्वातंत्र्योत्तर काळात कस्तुरबा गांधी मार्ग झाला. २०१३ मध्ये खुले झालेले नवे महाराष्ट्र सदन याच मार्गावर आहे. राजधानीच्या रिवाजानुसार रस्त्यांच्या पाट्या देवनागरी, रोमन, गुरुमुखी आणि उर्दू अशा चार लिप्यांत लिहिल्या जातात. वाटसरू आपल्या लिपीतील नाव क्षणार्धात वाचतो. त्या क्षणार्धात काय घडते, हे समजण्यास मात्र विज्ञानाला दीड शतक लागले.

१८६१ मध्ये पॅरिस येथे पॉल ब्रोका यांनी वाचा गेलेल्या एका रुग्णाच्या मेंदूची मरणोत्तर तपासणी केली. इजा डाव्या गोलार्धाच्या पुढील भागात आढळली. १८७४ मध्ये कार्ल व्हेर्निके यांनी शब्दार्थाच्या आकलनाशी निगडित असा त्याच गोलार्धातील दुसरा भाग दाखविला. १८९२ मध्ये जूल देजरीन यांनी वर्णिलेला रुग्ण तर लिहू शकत असे, पण स्वतः लिहिलेले वाचू शकत नसे. उजव्या गोलार्धाने पाहिलेले अक्षर डावीकडील भाषाकेंद्रांपर्यंत पोहोचण्याचा मार्गच तुटला होता. वाचन हा दृष्टी व वाणी यांमधील व्यवहार आहे, हे येथे प्रथम स्पष्ट झाले.

पुढे दोन्ही गोलार्धांना जोडणारा तंतुपुंज छेदलेल्या रुग्णांवर रॉजर स्पेरी यांनी प्रयोग केले. त्यासाठी त्यांना १९८१ चे नोबेल पारितोषिक लाभले. त्यातूनच ‘डावा मेंदू तर्काचा, उजवा कलेचा’ ही लोकप्रिय, परंतु अतिसुलभ विभागणी रूढ झाली.

आपली लिपीच तिला उत्तर देते. ‘मार्ग’ या शब्दातील रकार उच्चारात गकारापूर्वी येतो, परंतु रफार होऊन त्याच्या माथ्यावर बसतो. ‘दिल्ली’तील पहिली वेलांटी दकाराआधी लिहावी लागते, उच्चार मात्र नंतर होतो. ‘कस्तुरबा’मध्ये अर्धा सकार तकाराला जोडला जातो आणि उकार खाली उतरतो. रोमन अक्षरे एका ओळीत चालतात. देवनागरी वर, खाली, मागे, पुढे अशी चहूकडे पसरते.

दिल्लीजवळच्या मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चटर्जी सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंदी वाचकांच्या मेंदूची चित्रे घेऊन याचा अभ्यास केला. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. देवनागरी वाचताना डाव्या गोलार्धातील परिचित केंद्रांबरोबरच उजव्या पार्श्वखंडाचा वरचा भागही कार्यरत असल्याचे त्यात दिसले. अक्षराची अवकाशातील मांडणी उलगडण्याशी त्याचा संबंध जोडला गेला. लिपी तीच असल्याने मराठी वाचकालाही हा निष्कर्ष दूरचा नाही.

याचे महत्त्व केवळ प्रयोगशाळेपुरते नाही. वाचताना अडखळणाऱ्या मुलाला आपल्या शाळांनी दीर्घकाळ ‘ढ’ ठरविले. इंग्रजीसाठी रचलेल्या कसोट्या रफार-वेलांटीत अडकणाऱ्या मुलाची अडचण पुरती ओळखू शकत नाहीत. याच केंद्राने २०१५ मध्ये वाचनअक्षमता ओळखण्यासाठी ‘डाली’ हा कसोटीसंच तयार केला. त्यात हिंदी, कन्नड व इंग्रजीबरोबर मराठीचाही समावेश आहे. ज्या भाषेत मूल शिकते तिच्याच लिपीत त्याची परीक्षा व्हावी, ही साधी न्याय्य गोष्ट ब्रोकांनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी मराठी मुलाच्या वाट्याला आली.