शनिवारातल्या खिडक्या

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा संपादक मंडळाचा फोन आला तेव्हा आमच्या घरी सुतार आलेला होता. त्यामुळे हा लेख शाळेवर न होता खिडक्यांवर झाला आहे. इतिहासाच्या तासाला खिडकीबाहेर बघतो म्हणून मी कितीदा बाकावर उभा राहिलो, हे १९७८ च्या आपल्या बॅचला आठवत असेलच. सरांनी हा लेख राहून गेलेला गृहपाठ समजावा.

शनिवार पेठेतलं आमचं घर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलंय. खालचा मजला काळ्या दगडाचा, वरचा वीट आणि लाकडाचा. १७३२ मध्ये बांधून झालेल्या शनिवारवाड्याबद्दल सांगतात की, दगडी वाड्याचा मान छत्रपतींचा, म्हणून पेशव्यांनी वर विटा चढवल्या. आमच्या घरात वर विटा आल्या त्या बहुधा पणजोबांचे पैसे संपले म्हणून.

खालच्या खिडक्या रस्त्याच्या बाजूला लहान, उंचावर आणि जाड गजांच्या. जुन्या पुण्याची घरं रस्त्याकडे पाठ करून चौकाकडे तोंड करत. उजेड, वारा, गप्पा, वाळवण सगळं चौकातून. १८०२ च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला आणि पुढे शहराची लूट झाली. असे दिवस पाहिलेल्या गावात रस्त्यावर मोठी खिडकी कोण ठेवणार?

वरच्या खिडक्या मात्र माणूस उभा राहील एवढ्या. आजोबा म्हणत, त्या प्लेगानंतर मोठ्या केल्या. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगने कहर केला तेव्हा अंधार, ओल आणि कोंदट हवा हेच रोगाचं मूळ असं डॉक्टरांपासून सरकारपर्यंत सगळे धरून चालले होते. मुंबईत तर १८९८ मध्ये शहर मोकळं करायला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच निघाला. रोग उंदरांवरच्या पिसवांनी पसरतो हे सर्वमान्य व्हायला पुढे काही वर्षं गेली. म्हणजे आमच्या मोठ्या खिडक्यांनी प्लेग अडवला असण्याची शक्यता कमीच, पण मे महिन्यातला संध्याकाळचा वारा मिळाला तो त्या गैरसमजामुळे.

आता भांडणाचा मुद्दा. आत्या वरच्या खोलीत राहते. ऐंशी ओलांडलीय, बोटं आखडलीत, सागवानी झडपेची खिट्टी तिला उचलत नाही. पावसाळ्यात झडपा फुगतात, आणि रस्त्यावरच्या दुचाकी रात्री अकरापर्यंत थांबत नाहीत. धाकट्या भावाने सरळ सांगितलं, "दादा, सगळ्या खिडक्या काढ आणि ॲल्युमिनियमच्या सरकत्या बसव. तुझ्या इतिहासापायी आत्याला झोप नाही." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

एका दुकानदाराने मापं घेऊन दोन दिवसांत काम उरकण्याची तयारी दाखवली. चौकटी उखडायच्या आणि कडेने सिमेंट भरायचं. आमच्या सुताराने ते ऐकलं आणि मला खाली नेलं. दगडी भिंत चुन्यात बांधलेली. चुना ओल घेतो आणि सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं. शिवाय चौकट हलवली की तिच्याभोवतीचे दगड सुटायला लागतात. मग त्याने पटाशीचं टोक झडपेत खुपसलं, ते पिठात जावं तसं आत गेलं. तेच टोक चौकटीवर टेकवलं, तर ओरखडाही नीट उठेना.

कारण आत्याला ठाऊक होतं. १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, मग खडकवासला, आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. आत्या तेव्हा कॉलेजात होती. घर सोडून सगळे पळाले. परत आले तेव्हा माजघरात गुडघाभर गाळ होता, खालच्या झडपा गेल्या होत्या, चौकटी तेवढ्या जागेवर. पैसे नव्हते, म्हणून हलक्या जंगली लाकडाच्या झडपा करून घेतल्या, तात्पुरत्या. त्या तात्पुरत्यांनी साठ वर्षं काढली. आपण जुन्या म्हणून जपत होतो त्या झडपा घरातल्या सगळ्यांत नव्या निघाल्या.

मग ठरलं ते असं. आत्याच्या खोलीत जुनी खिडकी बाहेरच्या अंगाला तशीच उघडी ठेवून, भिंतीच्या जाडीतच आतल्या बाजूला सरकत्या काचा बसवल्या. ॲल्युमिनियमच्याच, भाऊ जिंकला असं त्याचं म्हणणं आहे. एका बोटाने सरकतात, आवाज बराच अडतो. मला त्या अजूनही डोळ्यांत खुपतात, पण खोली माझी नाही. खाली चौकटी आणि गज ठेवून फक्त झडपा नव्या केल्या.

त्यासाठी सागवान आणायला सुताराबरोबर भवानी पेठेत टिंबर मार्केटला गेलो. नवं लाकूड परवडेना. त्याने जुन्या तुळयांचा ढीग दाखवला, पाडलेल्या वाड्यांतून आलेल्या. एका तुळईवर खुंटीचं भोक होतं आणि त्याभोवती काजळीचा डाग, बहुधा तिथे कंदील टांगत असावेत. कुठल्या पेठेतला वाडा, विचारलं. दुकानदार म्हणाला, "साहेब, रोज दोन गाड्या येतात, कुठलं कुठलं सांगू?"

डाग रंध्याने निघाला. भोक सुताराने तसंच ठेवलंय, डावीकडच्या झडपेत, खालच्या बाजूला. दुपारी तीनच्या सुमाराला त्यातून उन्हाचा एक ठिपका फरशीवर पडतो. मेळाव्यानंतर घरी आलात तर आत्या तो सगळ्यांना दाखवते.