कलाली : मोहफुलांच्या मुलखातील चव्हाटा

'पब' हा 'पब्लिक हाउस' या शब्दांचा संक्षेप. सर्वांना मोकळे असलेले घर, असा त्याचा मूळ अर्थ. नागपूरच्या आग्नेयेकडील कुही, उमरेड, भिवापूर या पट्ट्यात अशा घराला कलाली म्हणत, आणि पुढे गुत्ता. या दोन शब्दांमध्येच एक मोठा इतिहास दडलेला आहे.

'कलाल' किंवा 'कलार' हा शब्द संस्कृतातील 'कल्यपाल' म्हणजे मद्य गाळणारा यावरून आला. कल्हणाच्या राजतरंगिणीत कल्यपालाच्या मुलीचा पुत्र काश्मीरच्या गादीवर बसल्याची हकीकत आहे. 'गुत्ता' म्हणजे मात्र मक्ता, ठेका. पहिला शब्द कारागिराचा आणि दुसरा सरकारी लिलावाचा. दुकानाचे नाव बदलले तेव्हा दुकानाचा खरा मालकही बदलला होता.

या मुलखाचे मद्य मोहाचे. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची रसाळ फुले रात्री गळतात आणि पहाटे टोपल्या घेऊन बायामुले ती वेचतात. फुले वाळवून ठेवायची, काही दिवस पाण्यात भिजत घालून त्यांचा सडवा आंबवायचा, मग तो मडक्यात उकळून वाफ नळीवाटे दुसऱ्या, पाण्याने थंड ठेवलेल्या भांड्यात उतरवायची. इतकी सोपी कृती असल्याने ती घरोघर चाले. शिवाय हेच फूल टंचाईच्या दिवसांत गरिबांचे अन्नही होते, ही गोष्ट आबकारीच्या चर्चेत फार क्वचित आठवली जाते.

पिण्याच्या जागेवर राज्यसत्तेचा डोळा नवा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'सुराध्यक्ष' नावाचा स्वतंत्र अधिकारी आहे. पानागारात निरनिराळ्या खोल्या, आसने, फुले, सुगंध आणि पाणी असावे, असे तो सांगतो. आणि लगोलग तिथे हेर बसवून कोण ऐपतीबाहेर खर्च करतो यावर लक्ष ठेवायलाही सांगतो. पण कौटिल्यानेही उत्सव-यात्रांच्या प्रसंगी चार दिवस मद्य करण्याची मुभा दिली होती. इंग्रज सरकार या बाबतीत त्याच्याहून कठोर निघाले.

१८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये मध्यप्रांत अस्तित्वात आला. त्यानंतर मद्य गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क लिलावात जाऊ लागला. ज्याची बोली मोठी, त्याला परवाना. घरची भट्टी मात्र गुन्हा. मक्त्याची रक्कम वसूल करायची तर गिऱ्हाईक वाढलेच पाहिजे, हे साधे गणित होते. मुंबई इलाख्यात १८७८ चा आबकारी कायदा आणि १८९२ चा मोहफुलांवरील कायदा हीच दिशा घेऊन आले. १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुले यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांना लेखी विरोध केला होता.

तरीही माणसे कलालीत केवळ नशेसाठी जात नसत. बाजाराच्या दिवशी मजुरी हातात पडलेली असे. तिथेच धान्याचे भाव, बैलांचे सौदे, कामाच्या खबरा कळत. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात कलार जातीचे लोक सावकारीत शिरल्याची नोंद आहे. म्हणजे पेला आणि खातेवही अनेकदा एकाच समाजाच्या हाती होती. देवळाची पायरी ज्यांना बंद होती, त्यांना गुत्त्याचे दार उघडे होते. मात्र त्याची किंमत शेताने आणि घरातल्या चुलीने मोजली. आणि 'सर्वांसाठी मोकळ्या' या घरात गावातील बहुतेक बायका कधी बसल्याच नाहीत.

डिसेंबर १९२० मध्ये नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनाने असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब केले. काही आठवड्यांतच शहरातील दारूच्या दुकानांपुढे निरोधने सुरू झाली आणि मार्च १९२१ मध्ये प्रकरण गोळीबारापर्यंत गेले. सरकार एवढे का बिथरले? १९१९ च्या सुधारणांनी आबकारी खाते प्रांताच्या मंत्र्यांकडे सोपवले होते. शिक्षण आणि आरोग्यावर खर्च करू पाहणाऱ्या प्रांतिक तिजोरीचा मोठा आधार दारूच होती. पुढे स्वतंत्र भारतातील राज्यांनाही हा पेच सुटला नाही. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ मध्ये दारूबंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे.

महाराष्ट्रात आता गावातील किंवा प्रभागातील २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली, तर परवानाधारक दारू दुकानासाठी मतदान घेता येते. मतपत्रिकेवर दोनच चिन्हे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडवी बाटली निवडली, की दुकान बंद.