सत्तरीनंतरची समुद्रयात्रा

सेवानिवृत्तीनंतर परदेशी जाऊन येणे ही आता आपल्या हैदराबादकर मराठी कुटुंबांत नवलाची गोष्ट उरलेली नाही. ग्रंथालयाचे कितीतरी सभासद चार-सहा महिने अमेरिकेत मुलांकडे राहून येतात आणि परतल्यावर वाचनकक्षात त्या प्रवासाच्या हकिकती रंगतात. त्या ऐकताना प्रस्तुत लेखकाला नेहमी आठवण होते ती एका जुन्या प्रवासाची. मार्च १९२९ मध्ये महर्षी धोंडो केशव कर्वे इंग्लंडला जाण्यास निघाले, तेव्हा त्यांचे एकाहत्तरावे वर्ष सरत आले होते.

अण्णांच्या पहिल्या मोठ्या प्रवासाशी त्याची तुलना करण्याचा मोह आवरत नाही. १८७५ साली मुरूडचा हा सतरा वर्षांचा मुलगा परीक्षेसाठी भर पावसात, कुंभार्ली घाट चढून, पायी साताऱ्याला पोहोचला. आणि तेथे 'वय लहान दिसते' एवढ्या कारणावरून त्याला परीक्षेस बसू दिले नाही. वर्गात हा प्रसंग सांगितला की मुले प्रथम हसतात, मग गप्प होतात.

हा वृद्ध गृहस्थ समुद्रापार गेला तो कशासाठी? १९१५ साली टोकियो येथील जपानी महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका अण्णांच्या हाती आली. हिंगण्याच्या आश्रमाच्या व्यापात ती काही दिवस तशीच पडून होती. ती वाचल्यावर मात्र त्यांच्या मनाने घेतले, आणि त्याच वर्षअखेरीस मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी भारतीय महिला विद्यापीठाची कल्पना मांडली. १९१६ साली विद्यापीठ सुरू झाले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली व त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठास मिळाले. तरीही पदव्यांना सरकारी मान्यता नव्हती. ती मिळण्यास १९५१ साल उजाडावे लागले. तेव्हा जगाला आपले काम सांगावे, जगातील काम पाहावे आणि जमेल तेवढा निधी आणावा, असा हा तिहेरी हेतू होता.

इंग्लंडमध्ये माल्व्हर्न येथील शिक्षक-परिषदेला ते उपस्थित राहिले. लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये भारतीय स्त्रियांच्या शिक्षणावर बोलले. जुलैअखेर जिनिव्हाच्या शिक्षण-परिषदेत त्यांनी भारतातील स्त्रियांच्या उच्च शिक्षणाच्या प्रयोगाची माहिती दिली. ऑगस्टमध्ये डेन्मार्कमधील एल्सिनोर येथे, म्हणजे शेक्सपिअरच्या हॅम्लेटच्या गावी, नवशिक्षणवाद्यांचा मेळावा भरला होता, तेथेही अण्णा होते. बर्लिनमध्ये आइन्स्टाइन यांची भेट झाली. फर्ग्युसन महाविद्यालयात तेवीस वर्षे गणित शिकविलेल्या प्राध्यापकाला त्या भेटीत काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी!

पुढे अमेरिका. तेथे त्यांनी ठिकठिकाणी व्याख्याने दिली. पण याच सुमारास, ऑक्टोबर १९२९ मध्ये, न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. वर्गणी मागण्यास याहून वाईट हंगाम शोधून सापडला नसता. अमेरिकेनंतर जपान. ज्या विद्यापीठाच्या पुस्तिकेने सारा खटाटोप सुरू करून दिला, ते टोकियोचे महिला विद्यापीठ अण्णांनी अखेर प्रत्यक्ष पाहिले. माझ्या मते सबंध यात्रेचा कळस तोच. एप्रिल १९३० मध्ये ते परतले, तेव्हा देश मिठाच्या सत्याग्रहाने ढवळून निघाला होता.

मायदेशी ते आठच महिने राहिले. डिसेंबर १९३० मध्ये पुन्हा आगबोट, या वेळी आफ्रिकेकडे. त्यांचे चिरंजीव डॉ. शंकर मोंबासाला वैद्यकीय व्यवसाय करीत. केनिया, युगांडा, टांगानिका, झांझिबार, पोर्तुगीज पूर्व आफ्रिका आणि दक्षिण आफ्रिका अशी ही पंधरा महिन्यांची फिरती होती. पूर्व आफ्रिकेतील भारतीय वस्तीत गुजराती व्यापाऱ्यांचा भरणा मोठा, आणि अण्णांचे विद्यापीठ मराठीइतकेच गुजरातीतूनही शिकविणारे. त्यामुळे तेथे ते अगदीच परके पाहुणे नव्हते.

आपल्या शहराच्या दृष्टीने एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. देशी भाषेतून उच्च शिक्षण हे कर्व्यांच्या विद्यापीठाचे तत्त्व दोनच वर्षांनी, १९१८ साली, येथे उस्मानिया विद्यापीठाने उर्दूच्या रूपाने अमलात आणले. तत्त्व तेच, पण निजामी राज्यातील मराठी मुलाला उर्दू ही मायबोली नव्हती. हिंगण्याच्या मुलीला जे मिळाले, ते औरंगाबाद-परभणीहून येथे शिकण्यास आलेल्या मुलाला मिळाले नाही. विवेकवर्धिनीसारख्या संस्था आणि आपल्यासारखी ग्रंथालये यांनी ती उणीव आपापल्या परीने भरून काढली, हे सभासदांना सांगावयास नको.

'आत्मवृत्ता'ची दुसरी आवृत्ती १९२८ सालची, म्हणजे प्रवासाच्या आधीच्या वर्षीची. साहजिकच तिच्यात या यात्रा नाहीत. त्यांसाठी अण्णांच्या १९३६ सालच्या इंग्रजी आत्मचरित्राकडे वळावे लागते. त्याचे 'लुकिंग बॅक' हे नाव मागे वळून पाहण्याचे असले, तरी त्याच वर्षी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले आणि खेड्यांतील शाळांसाठी पुन्हा वर्गणी गोळा करावयास सुरुवात केली.