ज्याचे सोंग त्याच्याच हाती: चॅटरूममधील शिष्टाचाराचा इतिहास

आजच्या धाग्यातील इतिहास ताम्रपटांचा नाही आणि बखरींचाही नाही. त्याचे वय अजून पन्नास वर्षेही भरलेले नाही, आणि तो ज्या घरात घडला ते घर निव्वळ अक्षरांचे होते. तरीही सत्ता कोणाची, नियम कोणी करायचे आणि शिक्षा कोणी द्यायची, हे आपल्या विषयाचे जुनेच प्रश्न तेथे काही महिन्यांत उभे राहिले.

डिस्कॉर्डवरील रोलप्लेच्या सर्व्हरवर पाऊल ठेवले की प्रथम नियमांची लांबलचक पाटी दिसते. तिच्यात एक नियम बहुधा असतोच: दुसऱ्याच्या पात्राच्या वतीने लिहू नये. ‘मी तलवार उगारतो’ असे लिहावे. ‘माझ्या वाराने तुझा हात तुटतो’ असे लिहू नये. वार लागला की हुकला, हे ज्याचे पात्र आहे त्याने ठरवायचे. हा नियम मोडणे म्हणजे ‘गॉडमोडिंग’. नवख्या माणसाला हा खेळाडूंचा फाजील नाजूकपणा वाटतो. मलाही वाटला होता. पण या नियमाची वंशावळ शोधू लागलो, तेव्हा ती १९९३ सालच्या एका रात्रीपाशी आणि तिच्याही मागे जाऊन पोहोचली.

आरंभ इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात झाला. १९७८ मध्ये रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने तेथील संगणकावर अनेकांना एकाच वेळी वावरता येईल असा शब्दमय खेळ रचला. पुढे रिचर्ड बार्टल याने तो वाढवला. त्याचे नाव ‘मड’, म्हणजे अनेकांचे मिळून एक भुयार. त्यात खजिने होते, गुण होते, एकमेकांस ठार मारणेही होते. अशा ठिकाणी शिष्टाचाराची फारशी निकड नसते; जिंकणे-हरणे संगणकच ठरवतो.

खरा पालट १९८९ मध्ये झाला. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात जेम्स ॲस्पनीस याने ‘टायनीमड’ लिहिला आणि त्यातून गुणांची शर्यत जवळजवळ काढूनच टाकली. उरले काय? खोल्या, माणसे आणि बोलणे. शिवाय येणाऱ्या प्रत्येकाला स्वतःच्या खोल्या आणि वस्तू रचता येऊ लागल्या. आता संगणक पंच उरला नाही. दोन पात्रांचे भांडण झाले तर कोण पडले हे त्यांनीच आपसांत ठरवायचे होते. शिष्टाचार जन्मला तो या रिकाम्या जागेत.

येथे एक तांत्रिक बारकावा समजून घ्यावा लागेल. पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. अशा जगात बोलण्याखेरीज कृतीही लिहिता येत असे. मालती नावाचे पात्र धारण करणाऱ्या बाईंनी अपूर्णविराम देऊन ‘हसते’ असे टंकले, की खोलीतील सर्वांच्या पडद्यावर ‘मालती हसते’ अशी ओळ उमटे. मालतीचे नाव ती स्वतः लिहीत नसे. ते यंत्र लावी. म्हणजे ओळीच्या आरंभीचे नाव हीच त्या ओळीची सही. मोडी कागदावरील शिक्क्यासारखीच ही गोष्ट: मजकूर कोणाचा, याची हमी मजकुराबाहेरून मिळते. ज्या समाजात चेहरा नाही, आवाज नाही, तेथे ओळख म्हणून एवढीच एक वस्तू होती.

या जगांच्या ‘मश’ नावाच्या शाखेत रोलप्ले विशेष फोफावला. ॲन मॅकॅफ्री यांच्या कादंबऱ्यांतील विश्वावर आधारलेले ‘पर्नमश’ हे त्यांतील गाजलेले ठिकाण. अशा मंडळींनी बारीकसारीक संकेत घडवले. पात्रातले बोलणे आणि पात्राबाहेरचे बोलणे वेगळे ठेवायचे. बाहेरचे असेल तर दुहेरी कंसात टाकायचे. खेळाडूला ठाऊक असलेली पण पात्राला ठाऊक नसलेली माहिती वापरायची नाही. तिचा वापर म्हणजे ‘मेटागेमिंग’. समोरच्याची ओळ येईपर्यंत थांबायचे. आणि दुसऱ्याच्या पात्रावर परिणाम लादायचा नाही. लादणे म्हणजे ‘पॉवरपोझिंग’, आजच्या गॉडमोडिंगचे थोरले भावंड. कित्येक ठिकाणी तर खेळाडूच्या संमतीवाचून त्याचे पात्र मारताच येत नसे. पुढे ‘अमेरिका ऑनलाइन’च्या चॅटरूममधील ‘रेड ड्रॅगन इन’ या काल्पनिक पथिकाश्रमातही लोक कृतीच्या दोन्ही बाजूंस अपूर्णविरामांच्या जोड्या घालून खेळत, आणि वाद मिटेना तर फासे टाकत.

आता त्या रात्रीकडे येऊ. ‘लॅम्डामू’ हे जग १९९० मध्ये सुरू झाले. कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधनकेंद्रातील एका संगणकावर ते चाले, आणि पावेल कर्टिस याने त्याचे मुख्य घर स्वतःच्या घराच्या नमुन्यावर बेतले होते. तेथे सौजन्याचे नियम लिहिलेले होते: ओरडू नका, हेरगिरी करू नका, दुसऱ्याच्या वस्तू न विचारता हलवू नका, आणि निनावी ओळी खोलीत सोडू नका. हा शेवटचा नियम यासाठी, की लॅम्डामूवर कोणीही छोटा प्रोग्रॅम लिहून नवी वस्तू घडवू शके, आणि ती वस्तू सहीविना ओळ छापू शके. यंत्राने दिलेली हमी यंत्रालाच चकवून मोडता येत होती. ती टिकली होती केवळ लोकांच्या सभ्यतेवर.

सर्वाधिकार असलेल्या व्यवस्थापकांना तेथे ‘विझार्ड’ म्हणत. डिसेंबर १९९२ मध्ये कर्टिसने जाहीर केले, की यापुढे विझार्ड केवळ यंत्राची देखभाल करतील. माणसांचे तंटे माणसांनी सोडवावेत. हेतू उदात्त होता. परंतु राजाने सिंहासन सोडले आणि मागे ना पंचायत ठेवली, ना कोतवाल.

मार्च १९९३ मध्ये, एका सोमवारी रात्री, गजबजलेल्या दिवाणखान्यात ‘मिस्टर बंगल’ नावाचे पात्र आले. त्याच्याजवळ एक बाहुली होती. ती बाहुली इतर पात्रांच्या नावाने ओळी उमटवी, आणि त्या त्यांनीच लिहिल्या आहेत असा भास होई. तिच्या साहाय्याने त्याने दोन पात्रांच्या तोंडी आणि हाती किळसवाणी लैंगिक आणि हिंसक कृत्ये घातली. अखेर एका जुन्या रहिवाशाने आपल्या खास वस्तूने त्याला पिंजऱ्यात कोंडले, तेव्हा ते थांबले.

‘शब्दच तर होते’ हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. ‘नको असलेल्याचे लिखाण आपल्यापुरते बंद करण्याची आज्ञा होती, ती वापरायची’ असेही म्हटले गेले. पण आपण वाचणे बंद केल्याने खोलीतील इतरांचे वाचणे थांबत नाही. आपल्या नावाने आपली विटंबना चालूच राहते. फक्त आपल्याला ती दिसत नाही. माझ्या मते त्या रात्रीच्या अपराधाचे मर्म येथे आहे. अश्लील मजकूर त्या जगाला नवा नव्हता. नवी होती ती सहीची चोरी.

पीडितांपैकी एकीने सार्वजनिक चर्चायादीवर लिहून बंगलच्या हद्दपारीची मागणी केली. तेथील भाषेत या शिक्षेला ‘बेडूक करणे’ म्हणत: पात्र कायमचे नष्ट. मागणीला पाठिंबा भराभर मिळाला. मात्र ही शिक्षा अमलात आणू शकत होते ते विझार्डच, आणि त्यांनी तर अंग काढून घेतलेले. तीन दिवसांनी सुमारे तीस पात्रे एका खोलीत जमली. कोणी म्हणे, कायदा नसताना शिक्षा कशी. कोणी म्हणे, आधी कायदा करू. काहींना कायदा हा शब्दच नकोसा. मधेच बंगल स्वतः येऊन उभा राहिला, आणि आपण एक मानसिक प्रयोग करत होतो असे काहीसे सांगू लागला. सभा निर्णयाविनाच विरली. त्यानंतर एका विझार्डने एकट्याने विचार करून, कोणालाही न विचारता, बंगलला पुसून टाकले.

ही कृती न्याय होती की मनमानी? एमएच्या वर्गात मी हा प्रसंग सांगितला तेव्हा वर्ग निम्मानिम्मा फुटला. मी मनमानीच्या बाजूने आहे; पण त्या विझार्डच्या जागी असतो तर मीही बहुधा तेच केले असते.

कर्टिस त्या दिवसांत प्रवासात होता. परतल्यावर त्याने अर्ज आणि मतदानाची पद्धत आणली: कोणीही अर्ज मांडावा, पुरेशा सह्या मिळवाव्यात, आणि एकास दोन अशा बहुमताने तो संमत झाला तर विझार्डांनी तो अमलात आणावा. पुढे स्वयंसेवी लवादही नेमले गेले. सौजन्याच्या जागी कायदा आला, आणि कायद्याबरोबर कज्जेही. इतके, की मे १९९६ मध्ये विझार्डांनी माघार घेतली: निखळ तांत्रिक निर्णय असा काही नसतोच, म्हणून सामाजिक बाबींतही यापुढे आम्ही हात घालू, असे त्यांनी सांगितले. साडेतीन वर्षांचे ते प्रजासत्ताक आटोपले. बंगलचे काय झाले? तो काही दिवसांतच नव्या नावाने परतला. आणि ज्युलियन डिबेल या पत्रकाराला पुढे कळले ते असे, की बंगल हा कोणी एक माणूस नव्हताच. वसतिगृहातील मुलांनी मिळून वापरलेले ते एक सामाईक खाते होते.

या डिबेलबद्दल थोडे सांगायला हवे, कारण हा सारा प्रसंग जगाला त्याच्याच लेखामुळे ठाऊक झाला. तो लेख डिसेंबर १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये आला आणि अमेरिकेतील विधी-अभ्यासकांनी त्यावर पुष्कळ लिहिले. एकाच साक्षीदारावर एवढा इतिहास तोललेला पाहून इतिहासाच्या विद्यार्थ्याला अस्वस्थ वाटायला हवे. साक्षीदार चांगला आहे, हे खरे. पण एकच आहे.

गेल्या वर्षी मी पाहुणा म्हणून लॅम्डामूवर गेलो. ते अजून चालू आहे. पाहुण्याला आधी कोट टांगण्याच्या अंधाऱ्या कोठडीत उतरवतात. दार उघडले की तोच दिवाणखाना. त्याही आधी, उंबरठ्यावरच, पत्रकार आणि संशोधकांसाठी एक सूचना दिसते: येथील कोणाचे शब्द उद्धृत करण्यापूर्वी संबंधित सर्वांची परवानगी घ्यावी, अशी रहिवाशांची विनंती आहे. दुसऱ्याच्या पात्राला न विचारता बोलायला लावू नये हा नियम येथे आमच्यासारख्यांनाही लागू केलेला आहे. त्या दोन पात्रांची नावे छापील लेखात आहेत आणि ती शोधणे अवघड नाही. या धाग्यात मी ती घेतलेली नाहीत, आणि त्या रात्रीची एकही ओळ दिलेली नाही.