भावनांच्या उपपत्ती व भावसंगणन

भावना म्हणजे काय, ती कशी उद्भवते व कोणत्या खुणांवरून ओळखावी, यांविषयी मानसशास्त्रात मांडल्या गेलेल्या उपपत्ती आणि त्यांच्या आधारे भावना ओळखणाऱ्या, व्यक्त करणाऱ्या वा त्यांना प्रतिसाद देणाऱ्या संगणकप्रणाली घडविण्याचे तंत्र. या तंत्राला भावसंगणन म्हणतात. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील (एमआयटी) रोझलिंड पिकार्ड यांच्या ‘ॲफेक्टिव्ह काँप्यूटिंग’ (१९९७) या ग्रंथाने या क्षेत्राला नाव व चौकट दिली. मानसशास्त्रात भावनेची एकच सर्वमान्य व्याख्या नाही; संगणकाला मात्र कोणती तरी एक व्याख्या आधी पुरवावीच लागते. यंत्राला काय सापडू शकेल, हे त्या निवडीवर बरेचसे ठरते.

प्रमुख उपपत्ती : चार्ल्स डार्विन यांनी १८७२ मध्ये माणूस व प्राणी यांच्या भावाविष्कारांतील साम्य दाखवून ते उत्क्रांतीशी जोडले. विल्यम जेम्स (१८८४) व कार्ल लांगे (१८८५) यांच्या मते आधी शरीरात बदल होतात आणि त्या बदलांची जाणीव म्हणजेच भावना. वॉल्टर कॅनन यांनी १९२७ मध्ये यावर आक्षेप घेतला : अंतरिंद्रियांतील बदल मंद असतात, शिवाय भीती व क्रोध या दोहोंत ते जवळजवळ सारखेच असतात. स्टॅन्ली शाक्टर व जेरोम सिंगर यांनी १९६२ मध्ये काही व्यक्तींना ॲड्रेनॅलीन टोचून प्रयोग केला. शारीरिक उद्दीपन आणि भोवतालच्या परिस्थितीवरून त्याचा लावलेला अर्थ, असे भावनेचे दोन घटक त्यांनी मानले. मॅग्डा अर्नल्ड व रिचर्ड लॅझारस यांनी भर दिला तो मूल्यमापनावर : समोरची घटना आपल्या हिताची की अहिताची, याचा कौल मन देते व त्यातून भावना निपजते.

संगणकीय प्रतिरूपे : संगणनात तीन पद्धती रुळल्या. पहिली वर्गपद्धती. पॉल एकमन यांनी पापुआ न्यू गिनीतील फोरे लोकांमध्ये केलेल्या अभ्यासाच्या आधारे आनंद, दुःख, क्रोध, भीती, किळस व आश्चर्य या सहा मूलभूत भावना सार्वत्रिक मानल्या. त्यांनी व वॉलेस फ्रीझन यांनी १९७८ मध्ये चेहऱ्याच्या स्नायूंच्या हालचालींची संकेतप्रणालीही प्रसिद्ध केली. मोजक्या नावांची अशी यादी यंत्राला शिकवायला सोयीची असल्याने ती सर्वाधिक वापरली गेली.

दुसरी मितिपद्धती. जेम्स रसेल यांनी १९८० मध्ये सुखद–असुखद आणि उद्दीपित–शांत या दोन अक्षांवर भावनांची वर्तुळाकार मांडणी केली. येथे यंत्र भावनेचे नाव सांगत नाही, तर दोन अंक देते. तिसरी मूल्यमापनपद्धती. अँड्र्यू ऑर्टनी, जेराल्ड क्लोर व ॲलन कॉलिन्स यांनी १९८८ मध्ये घटना, कर्ता व वस्तू यांच्याकडे पाहण्याच्या दृष्टीवरून २२ भावनाप्रकार सांगितले. त्यांची रचना नियमांत बसवता येते. म्हणून आभासी पात्रे व संवादी प्रणाली यांत ती लोकप्रिय झाली. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २०१४ मध्ये मान्य केलेल्या ‘इमोशनएमएल’ या खूणभाषेत वर्ग, मिती व मूल्यमापन या सर्वांना जागा आहे. कोणती शब्दसूची वापरली, हे मात्र लिहिणाऱ्याने नमूद करावे लागते.

वाणी व भावना : स्वराची उंची, तिचा पल्ला, आवाजाची तीव्रता, बोलण्याची गती, विराम व आवाजाचा पोत यांवर भावनेचा परिणाम होतो. क्रोधात बहुधा स्वर चढतो, आवाज मोठा होतो व गती वाढते. दुःखात स्वर उतरतो व बोलणे संथ होते. क्रोध व हर्ष या दोन्ही उद्दीपित अवस्था असल्याने केवळ ध्वनीवरून यंत्र त्यांची गल्लत करते. हीच लक्षणे भारतीय नाट्यविचाराने फार पूर्वी हेरली होती. भरताच्या नाट्यशास्त्रात पाठ्याचे उच्च, दीप्त, मंद्र, नीच, द्रुत व विलंबित असे सहा अलंकार आहेत. कलह व क्रोध यांसाठी दीप्त, तर ग्लानी, चिंता व दैन्य यांसाठी मंद्र स्वर सांगितला आहे.

यंत्राला भावपूर्ण बोलायला लावण्याचा एक आरंभीचा प्रयत्न एमआयटीमध्ये जॅनेट कान यांनी १९८९ च्या सुमारास केला. त्यांनी कृत्रिम वाणीच्या यंत्राची स्वरोच्चता, गती व उच्चारांचा नेमकेपणा बदलून सहा भावना निर्माण केल्या. त्यांतील दुःख श्रोत्यांनी सर्वांत सहज ओळखले.

भावना ओळखण्यासाठी लेबल लावलेले ध्वनिमुद्रण लागते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बर्लिन संग्रहात १० नटनटींनी रोजच्या बोलण्यातली १० जर्मन वाक्ये सहा भावनांत व तटस्थ स्वरात म्हटली आहेत. फडके फ्रीजवर आहे, अशा धर्तीची ही वाक्ये स्वतः कोणताही भाव सुचवत नाहीत. ८० टक्क्यांहून अधिक श्रोत्यांनी अचूक ओळखलेली मुद्रणेच मुख्यतः निवडली गेल्याने संदिग्ध स्वर आपोआप गळाले. अशा संग्रहावर शिकलेली प्रणाली नाटकी राग चटकन पकडते, पण दबलेली नाराजी तिच्या हातून निसटते. ‘छान केलंस!’ ही शाबासकी की टोमणा, हे तर स्वर, शब्द व प्रसंग एकत्र पाहिल्यावाचून कळत नाही.

मर्यादा व नियमन : यंत्र मोजते ती भावना नव्हे, तिची बाह्य खूण, आणि त्या खुणेला नाव देतात ते दुसरेच श्रोते. लीसा फेल्डमन बॅरेट व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन दाखवले, की चेहऱ्याच्या हालचालीवरून भावनेचा निष्कर्ष खात्रीने काढता येत नाही. एकच भावना अनेक तऱ्हांनी प्रकट होते. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये चेहऱ्यावरून भावना ओळखण्याची आपली सार्वजनिक सेवा मागे घेतली. युरोपीय संघाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्यानुसार चेहरा, आवाज यांसारख्या जैवमितीय माहितीवरून कामाच्या ठिकाणी व शिक्षणसंस्थांत भावना ओळखण्यास फेब्रुवारी २०२५ पासून मनाई आहे. वैद्यकीय व सुरक्षाविषयक उपयोग तिला अपवाद आहेत.